फोन मीच ठेवला

ओपेलूसास, लुइझियाना
१७ सप्टेंबर १९७९

टी-रॉन,

काल मिस्सा आटोपून निम्मी आळी माझ्या घरी टीव्हीसमोर येऊन बसली. मी कोळंबीच्या गम्बोचा मोठा टोप चढवला होता. सगळ्यांना आठवडाभर सांगून ठेवलं होतं की माझ्या भावाच्या क्लबचा फुटबॉलचा सामना आहे, थेट टोलीडोहून. तीन तास आम्ही डोळ्यांत तेल घालून बसलो. तुमच्या मुख्य कोचचा लाल चेहरा दिसला. पाणी घेऊन धावणारा दिसला. मैदानाच्या कडेला एक पिवळ्या केसांचा पोरगा माकडासारखे हातवारे करत होता, तो तर इतक्या वेळा दिसला की त्याच्या शर्टाची बटणं मला पाठ झाली. तू काही दिसला नाहीस.

मादाम तिबोडो दोन वाट्या गम्बो संपवून म्हणाली, "ओझेला, तुझा भाऊ तिथे कोच आहे ना? की पोरांचे कपडे धुतो?" सगळे हसले. पार्लरमध्ये मी तिचे केस गेली वीस वर्षं सरळ करतेय. शनिवारी येऊ दे, कंगवा जरा जास्तच तापवते.

तुला बाप्तिस्म्याला मी हातांत धरलं होतं, म्हणून सख्खी बहीण असून तू मला नेनेन म्हणतोस. तेव्हा धर्ममातेच्या नात्यानंच विचारते. दहा वर्षांत हा तिसरा क्लब तुझा. दर वेळी तू सांगतोस, मोठं काम आहे, महत्त्वाचं काम आहे. मग ते काम तू करतोस तरी कुठे बसून?

तुझ्या अर्लीनला माझं प्रेम सांग. तिची खोकी उघडून झाली का या वेळी?

तुझी नेनेन,
ओझेला


टोलीडो, ओहायो
२६ सप्टेंबर १९७९

नेनेन,

पत्र पोचलं. गम्बो पोचला असता तर जास्त बरं झालं असतं.

मादाम तिबोडोला सांग, मी कपडे धूत नाही. मी वर असतो. मैदानाच्या वर, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकांच्याही डोक्यावर, एक काचेची खोली असते. तिथे मी कानाला फोन लावून बसतो. खाली उभं राहून बघितलं तर नुसते दांडगे लोक एकमेकांवर कोसळताना दिसतात. वरून सगळं उलगडतं. समोरचा कोण हळूच एक पाऊल मागे सरकलाय, चेंडू कुणाकडे फेकायचा त्यांचा बेत आहे, ते मला चेंडू सुटायच्या आधी कळतं. मी ते फोनवर सांगतो. खाली तो पिवळ्या केसांचा, त्याचं नाव केंट, ऐकतो आणि पोरांना खुणा करतो. पट्ट्याला हात म्हणजे मागे सरा. टोपीला हात म्हणजे डावीकडे दोघं जा. कोपर धरलं की फेकणाऱ्याच्या अंगावर तुटून पडा. या खुणा मी बसवल्यात. तू ज्याला माकडचेष्टा म्हणतेस, त्या माझ्या आहेत.

खाली उभं राहणं तसं सोपं असतं. वर बसायला डोळे लागतात. मुख्य कोच स्टॅडलर म्हणतात, अख्ख्या लीगमध्ये असे डोळे दुसरे नाहीत. म्हणून मी वर आहे. मला तिथेच बरं वाटतं.

आणि एक बातमी. बचावाचा मुख्य कोच, म्हातारा वॉल्श, हा हंगाम संपला की निवृत्त होतोय. ती जागा माझी, असं स्टॅडलरनी मला गाडीतून उतरता उतरता सांगितलं. सहायकाचं आयुष्य तू जाणतेस. मुख्य कोचची हकालपट्टी झाली की आम्हा सगळ्यांना गाशा गुंडाळावा लागतो, आपण काम कसंही केलेलं असो. म्हणून तर अर्लीन स्वयंपाकघर सोडून एकही खोकं उघडत नाही. पण बचावाचा मुख्य झालो तर गोष्ट वेगळी. मग लोक आपल्याला नावानं ओळखतात.

तोवर शेजाऱ्यांना बोलवत राहा. एक दिवस दिसेन.

थेरॉन


ओपेलूसास
२६ नोव्हेंबर १९७९

टी-रॉन,

घर दर रविवारी भरलेलं असतं, काळजी करू नकोस. काल तर पाय ठेवायला जागा नव्हती.

तू लिहिलेलं मी कुणाला दाखवलं नाही, स्वतःच चार वेळा वाचलं. एका वाक्यापाशी दर वेळी अडकते. "मला तिथेच बरं वाटतं." तू सहा वर्षांचा असताना मांडीला गळू झालं होतं, तेव्हाही अस्संच म्हणाला होतास. बसायला येत नव्हतं, उभ्यानं जेवत होतास, आणि म्हणे मला असंच बरं वाटतं.

वर्तमानपत्रात तुमच्या क्लबच्या सगळ्या कोचांचा फोटो आला आहे. मी भिंग लावून बघितला. तू नाहीस, आणि तो दुसरा, फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांना शिकवणारा तुझा मित्र सायलस, तोही नाही. खाली नावं तेवढी छापली आहेत, "वरील कक्षात" म्हणून. काळे दोघं, आणि दोघंही वर. तिथे डोळ्यांचा इतका तुटवडा आहे का रे, की देवानं ते फक्त तुम्हा दोघांनाच दिले?

सरळ उत्तर दे. वर बसणं तू मागितलंस, की तुला सांगितलं?

ओझेला


टोलीडो
११ फेब्रुवारी १९८०

नेनेन,

उत्तराला उशीर केला, कारण सरळ उत्तर द्यायचं होतं.

मी मागितलं नव्हतं. खाली येऊ द्या असं मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा कोच स्टॅडलरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

वॉल्श गेला. त्याची जागा केंटला मिळाली. केंट स्टॅडलरांचा जावई आहे, हे मी तुला लिहिलं नव्हतं. पोरगा वाईट नाही. सामन्याआधी ओकतो, मग मैदानात जातो आणि मी सांगतो ते हातांनी बोलून दाखवतो. टीव्हीवरचे लोक त्याच्या बुद्धीची तारीफ करतात, तेव्हा त्याचे कान लाल होतात. पण नाही म्हणत नाही.

हे मी गिळलंही असतं. पुढचं ऐक. दर जानेवारीत दक्षिणेत कॉलेजच्या पोरांचा एक सामना होतो, आणि तिथल्या हॉटेलच्या दारातल्या मोठ्या खोलीत नोकरी गेलेले कोच नव्या कामाच्या आशेनं उभे असतात. अंगात जुन्या क्लबचं जाकीट, हातात थंड झालेली कॉफी, आणि लिफ्टचं दार उघडलं की सगळ्यांच्या माना तिकडे. मीही दोनदा तसा उभा राहिलोय. या वेळी मला नोकरी होती, म्हणून मी ऐटीत कोपऱ्यात बसलो होतो. तिथे पोर्टलंड क्लबचा आर्थर डेझर्न भेटला. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. तो म्हणाला, "आमच्या बचावाचा मुख्य व्हायला नाही का म्हणालास?"

मला कुणी विचारलंच नव्हतं. करार असताना दुसऱ्या क्लबला माझ्याशी बोलायचं तर माझ्या क्लबची परवानगी लागते. पोर्टलंडनं ती मागितली होती. आमच्यांनी ती नाकारली आणि मला कळवलंही नाही. आता ती जागा भरली.

मी स्टॅडलरांकडे गेलो. ते म्हणाले, "थेरॉन, तुझ्या डोळ्यांशिवाय आमचं कसं व्हायचं? ते मी पोर्टलंडला देऊन टाकू?" मी विचारलं, मग निदान खाली येऊ का. ते म्हणाले, "डोळे खाली आणून वाया घालवू?"

मी थँक यू म्हणून बाहेर आलो. त्यांनी माझं ताट ओढून घेतलं आणि मी थँक यू म्हणालो, नेनेन. गाडीत बसल्यावर हे माझ्या ध्यानात आलं.

थेरॉन


ओपेलूसास
१८ फेब्रुवारी १९८०

टी-रॉन,

रडून झालं असेल तर वाच.

तू परवानगी मागतोस, हीच गोम आहे. या गावात जिना उतरायला मी कुणाची परवानगी मागत बसले असते, तर अजून त्या गोऱ्या बाईच्या घरी वरच्या मजल्यावर तिच्या पोरींच्या वेण्या घालत असते. एका सकाळी मी फणी टेबलावर ठेवली आणि खाली आले. मागून हाका आल्या. मी वळले नाही. तिथून माझं पार्लर सुरू झालं.

तुला डोळे आहेत हे सगळ्यांना ठाऊक झालंय. तुला पायही आहेत, हे तूच विसरलायस.

तुझी नेनेन


ओपेलूसास
१५ डिसेंबर १९८०

माझ्या राजा,

दिसलास. काल दिसलास. तपकिरी कोट, डोक्यावर काही नाही, त्या बर्फात. तू त्या केंटच्या शेजारी उभा होतास आणि हात पट्ट्याला लावलास, मग टोपीला लावायला गेलास तर टोपीच नव्हती, म्हणून कपाळाला लावलास. मी हसता हसता रडले. आणि मैदानातली तुझी पोरं त्या केंटकडे बघेनाशी झाली. सगळी मुंडकी तुझ्याकडे वळली.

घरात काय गोंधळ उडाला म्हणून सांगू. सगळी आळी ओरडत होती. मादाम तिबोडोचं तोंड उघडं ते उघडंच.

आज वर्तमानपत्रात मात्र लिहिलंय की तुमचा फोन बंद पडला, म्हणून एका सहायकाला निरोप घेऊन खाली यावं लागलं. नाव नाही. समोरचे लोक म्हणे तक्रार करणार आहेत. बायांना दाखवायला मी पेपर कापून ठेवत होते, पण "निरोप घेऊन" वाचलं आणि कात्री खाली ठेवली. निरोप्या इतका वेळ उभा राहून हात करत बसतो का?

काय झालं ते मला सगळं लिही. काही गाळू नकोस.

ओझेला


टोलीडो
२२ डिसेंबर १९८०

नेनेन,

सगळं लिहितो.

तिसरा डाव चालू होता. समोरच्यांचा बेत मला दिसला. मी फोनवर म्हणालो, टोपी, दोघं डावीकडे. केंटनं कोपर धरलं. पहिल्यांदाच त्यानं स्वतःचं डोकं चालवलं. आमची पोरं फेकणाऱ्यावर तुटून पडली, डावी बाजू मोकळी सुटली आणि त्यांचा माणूस फिरायला निघाल्यासारखा चेंडू घेऊन रेषेपार गेला. फोनवर स्टॅडलर आले. म्हणाले, "गिलोरी, वर झोपला होतास का?" त्यांच्या शेजारी केंट उभा होता. त्याचा श्वास मला फोनमधून ऐकू येत होता. मी कोपर धरलं, एवढं त्याला सांगता आलं असतं.

मी फोन ठेवला. आपटला नाही. घरचा फोन ठेवावा तसा जागेवर ठेवला. कॉफी अर्धी राहिली होती, ती तिथेच सोडली. सायलस म्हणाला, "कुठे?" मी म्हणालो, "खाली."

जिन्यावर, गर्दीतून, शेंगदाणेवाल्यांमधून उतरत गेलो. मैदानाच्या दारावर एक म्हातारा पहारेकरी होता, आपलाच. त्यानं माझा पास बघितला. "हा वरचा आहे. वरच्यांना खाली सोडता येत नाही." मी पास खिशात घातला आणि तिथेच उभा राहिलो. मग तो म्हणाला, "असू दे. मी तुम्हाला पाहिलंच नाही." मी म्हणालो, "इथे सगळे तेच म्हणतात." त्यानं दार उघडलं.

आता खाली काय झालं होतं ते ऐक. माझा आवाज येईना, तेव्हा त्यांना वाटलं लाइन गेली. माणूस फोन ठेवून उठून जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आमच्या लीगचा नियम असा की एका बाजूचा फोन बंद पडला तर दुसऱ्या बाजूनंही आपला खाली ठेवायचा. स्टॅडलर पंचांकडे धावले आणि पंचांनी समोरच्यांचे फोन काढायला लावले. मी पोचलो तेव्हा त्यांचा कोच आंधळी कोशिंबीर खेळत होता. त्याचं सगळं डोकं वरच्या खोलीत, आणि आता तिथून शब्द येईना.

मी सरळ स्टॅडलरांकडे गेलो. म्हणालो, "कोच, फोन चांगला आहे. मी ठेवलाय. पंचांना सांगा." त्यांनी पलीकडे बघितलं, समोरच्यांची तारांबळ बघितली. मग म्हणाले, "आता बंदच राहू दे. आलायस तर खुणा कर."

मी केल्या. सामना संपेपर्यंत मी केल्या. खालून दिसत नाही असं मी इतकी वर्षं सांगत आलो, ते खोटं निघालं. अकरा वर्षं वरून बघितलेलं सगळं डोक्यात होतं, त्याला काचेची गरज नव्हती. आमच्या मागच्या फळीचा म्होरक्या, ओडिस पिकेट, त्यानं पहिल्यांदा मला कडेला बघितलं तेव्हा दात काढले. नंतर समोरच्यांना एकदाही रेषा ओलांडता आली नाही.

पण तंत्रज्ञ वर गेला, त्यानं फोन उचलला आणि तो चालू होता. ही गोष्ट फुटली. आता जानेवारीत लीगसमोर चौकशी आहे. काल स्टॅडलरनी मला घरी जेवायला बोलावलं. या क्लबात आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, तू एवढंच सांग की लाइन मधेच गेली होती, नंतर आपोआप आली. केंटला ते दुसरं काम देणार आहेत. बचावाचा मुख्य मी. कागद तयार आहे. नाही म्हणालो तर खोटं त्यांच्या अंगावर येतं, आणि मी रस्त्यावर येतो.

तू काय म्हणतेस?

थेरॉन


ओपेलूसास
२९ डिसेंबर १९८०

टी-रॉन,

घे.

तुला वाटलं असेल नेनेन म्हणेल लाथ मार. नाही. ती जागा तुझी आहे, अकरा वर्षं तुझी आहे. चोरानं तुझीच वस्तू तुला परत दिली तर ती घ्यायची, त्याचे आभार मानायचे नाहीत, इतकंच. आणि लाइन बंद होती म्हणायला तुझी जीभ का अडखळावी? तू बोलत होतास आणि नाव केंटचं होत होतं. ती लाइन बंदच होती की.

चोपन्न वर्षांची होईन मी आता. तुला पुन्हा त्या हॉटेलात, थंड कॉफी घेऊन, लिफ्टच्या दाराकडे बघत उभा राहिलेला मला सहन होणार नाही. घे ती जागा, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या नाकावर टिच्चून खाली उभा राहा. पुढच्या हंगामात आम्ही सगळे बघू.

ओझेला


टोलीडो
२० जानेवारी १९८१

नेनेन,

तुझं पत्र कोटाच्या खिशात घेऊन मी चौकशीला गेलो. जाताना ठरवलं होतं, तू म्हणतेस तेच करायचं.

लांब टेबल होतं. लीगचा माणूस, समोरच्या क्लबचा माणूस, आमचे वकील, स्टॅडलर, केंट. आधी केंटला विचारलं. त्यानं सांगितलं, लाइन गेली, मग सहायक गिलोरी खाली आले आणि त्यांनी वरून बघितलेलं मला सांगितलं, मी खुणा केल्या. मान खाली घालून, पाठ केल्यासारखं सांगितलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे माझ्याकडून काय विकत मागताहेत. लाइन गेली होती म्हटलं, की मी निरोप्या होतो. मग ती उतरण माझी नाही, ते उभं राहणं माझं नाही, ओडिसनं दात काढले तेही माझ्याकडे बघून नाही. बदल्यात मला खुर्ची मिळेल, आणि त्या खुर्चीवर मी रोज त्यांनी बसवलेला म्हणून बसेन. त्यांना वाटेल तेव्हा ते मला वर पाठवतील, आणि मी थँक यू म्हणेन.

लीगच्या माणसानं विचारलं, "मिस्टर गिलोरी, फोन बंद होता का?"

मी म्हणालो, "नाही. फोन उत्तम होता. मीच ठेवला. आणि त्यानंतर बचावाची प्रत्येक खूण माझी होती. त्याआधीचीही. एक सोडून, आणि तिच्यावर त्यांना गुण मिळाले."

केंटनं पहिल्यांदा मान वर केली, आणि खरं सांगतो, त्याचा चेहरा सुटल्यासारखा झाला. मी पंचांना का सांगितलं नाही, असं लीगच्या माणसानं विचारलं. मी सांगितलं की कोचना लगेच सांगितलं होतं, आणि कोच काय म्हणाले तेही सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात स्टॅडलरनी मला गाठलं. "तू स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास."

"पाय माझे आहेत, कोच," मी म्हणालो.

संध्याकाळी क्लबचा निरोप आला, करार संपला. अर्लीनला सांगायला घरी गेलो तर तिनं स्वयंपाकघर आधीच खोक्यांत भरून ठेवलं होतं. मी विचारलं, तुला कसं कळलं. म्हणाली, सकाळी तू बूट घालत होतास तेव्हाच.

तुझं ऐकलं नाही, त्याबद्दल रागव. पण सल्ला घेतला होता हे खरं, आणि वागलो तेही तुझ्याकडूनच शिकून. तू फणी ठेवून खाली आलीस, तेव्हा फणी तुटली होती असं कुणाला सांगितलं होतंस का?

थेरॉन


ओपेलूसास
२ फेब्रुवारी १९८१

टी-रॉन,

नाही सांगितलं. त्या बाईनं विचारलं होतं, बरं नाही का गं तुला. मी म्हणाले, मी ठणठणीत आहे.

रागवायचं म्हणून तीनदा बसले. जमलं नाही. उलट आता मलाच तुला एक सांगायचंय. तू भर टेबलावर खरं बोललास आणि मी इथे पानांवर पानं खोटं लिहीत बसलेय, हे बरं नाही.

घर भरलेलं नव्हतं. पहिल्या रविवारी लोक हसले ना, त्यानंतर मी कुणाला बोलावलंच नाही. त्यांनीही विचारलं नाही. दर रविवारी मी एकटीच टीव्हीसमोर बसत होते. गम्बो सवयीनं मोठ्या टोपातच करायचे आणि बुधवारपर्यंत खायचे. तू दिसलास त्या दिवशीही घरात मी एकटी. पोरांची मुंडकी तुझ्याकडे वळली तशी मी डोक्याला क्लिपा लावलेल्या, पायात सपाता, अशी रस्त्यावर धावले आणि मादाम तिबोडोला तिच्या ओट्यावरून दंडाला धरून ओढत आणलं. टीव्हीसमोर उभं केलं, तर बिअरची जाहिरात चालू. ती संपेपर्यंत आम्ही दोघी उभ्या. मग सामना आला, पण तू पुन्हा आला नाहीस. म्हातारी म्हणाली, "हो गं, दिसला असेल." त्या "असेल"नं मला डिसेंबरभर झोपू दिलं नाही. म्हणून मी लिहिलं, ती जागा घे. मला साक्षीदार हवे होते रे. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी.

आता ऐक. परवा पेपर आला. पहिल्या पानावर नाही, खेळाच्याच पानावर, पण नाव होतं. "फोन मीच ठेवला: गिलोरी." मी तो कुणाला दाखवायला बाहेर पडणार, तर दारात मादाम तिबोडो उभी, हातात रताळ्याचा केक, अजून गरम. तिनंही वाचलं होतं. म्हणाली, "ओझेला, तो खरंच तिथे होता." मी म्हणाले, "होता." मग आम्ही बसून तो केक संपवला.

हॉटेलात उभं राहायची वेळ आली तर ताठ उभा राहा. आणि कॉफी गरम मागून घे.

तुझी नेनेन


पोर्टलंड, ओरेगन
९ जून १९८१

नेनेन,

जानेवारी उलटली तरी क्लबवाले जमले त्या प्रत्येक हॉटेलात उभा राहिलो. लिफ्टचं दार बरेचदा उघडलं, आणि बाहेर येणारे बरेच जण मला बघून दुसऱ्या दारानं गेले. जो फोन ठेवतो त्याला कोण घेणार. कॉफी मात्र मी दर वेळी गरम मागून घेतली.

मग एप्रिलात आर्थर डेझर्ननं बोलावलं. त्यांच्या बचावाचा मुख्य आधीच ठरलेला आहे, ती जागा नाही. मागच्या फळीचा सहायक हवा होता. बारा वर्षांपूर्वी ज्या पायरीवर चढलो, तीच पायरी. त्यांचे मुख्य कोच, मॅकनल्टी, आयरिश म्हातारा, त्यांनी एकच विचारलं, "खरंच ठेवलास?" मी म्हणालो, हो. "पुन्हा ठेवशील?" मी म्हणालो, "वर बसवलंत तर ठेवीन. म्हणून आधीच सांगतो, मी खाली उभा राहीन. ते जमत नसेल तर मी हा चाललो." त्यांनी खुर्ची ढकलली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मग इथे थंडीत टोपी घालत जा. त्या दिवशी टीव्हीवर मीही बघितलं तुला, कपाळ बडवून घेत होतास."

तेव्हा मी सहायकच. कदाचित सहायक म्हणूनच म्हातारा होईन. त्याची मला लाज नाही, लाज वेगळ्या गोष्टीची होती, आणि ती टोलीडोच्या जिन्यावर राहिली. अर्लीननं परवा बैठकीच्या खोलीचं एक खोकं उघडलं. आत काय आहे हे आम्हा दोघांनाही आठवत नव्हतं.

पहिला सामना तेरा सप्टेंबरला. टीव्हीवर आहे.

थेरॉन


ओपेलूसास
१४ सप्टेंबर १९८१

टी-रॉन,

काल घर भरलं होतं. या वेळी खरंच. विश्वास नसेल तर मादाम तिबोडोला विचार, ती जेवणाआधी येऊन पुढच्या खुर्चीवर बसली होती आणि कुणाला तिथून उठवता येईना. गम्बो पुरला नाही. फादर बेर्झा उपाशी गेले.

तू दिसलास. पहिल्याच मिनिटाला, आणि मग दर दोन मिनिटांनी. टोपी घातली होतीस. पोट सुटलंय तुझं. शर्ट नीट खोचत जा, सगळी आळी बघते.

मधे एकदा तुम्ही दोघंच दिसलात, तू आणि तुझा तो आयरिश म्हातारा, अगदी जवळून. मादाम तिबोडोनं मला कोपरानं ढोसलं. "काय गं ओझेला, तुझा भाऊ तिथे मुख्य आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "सहायक आहे. मुख्य तो शेजारचा. बघ ना, तो काय विचारतोय त्याला."

तुझी नेनेन